डाव्या बुटाचा नाल

मोहियोद्दीन नालबंदाच्या रागाबद्दल छावणीत कुणालाही विचारलं असतं, तर आधी त्यानं खेचराचा कान चावला ती गोष्ट ऐकावी लागली असती. खेचरानं खांद्याचा लचका तोडला, तर ह्या पठ्ठ्यानं हातातला खुर खाली ठेवला, पुढं जाऊन त्याचा कान दातांत धरला आणि रक्त येईस्तोवर सोडला नाही. मग थुंकला, चूळ भरली आणि राहिलेले दोन खिळे नीट ठोकून दिले. त्या खेचराचा नाल पुढं दोन महिने हलला नाही. असा माणूस. कामात हयगय नाही आणि रागातही नाही.

त्याचं दुकान छावणीच्या बाजारात, पागेच्या वाटेवर. दुकान म्हणजे काय, चार बल्ल्यांवर पत्रा, एक भट्टी, एक ऐरण, लोखंड विझवायचा दगडी हौद आणि मागं राहायच्या दोन खोल्या. बाप रिसाल्याचा नालबंद, आजाही रिसाल्याचा नालबंद. घरात दखनी बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी आणि जनावरांना नुसत्या शिव्या. बायको जैतुनबी त्याला वचकून नव्हती, कारण ती त्याच्याहून तापट होती. मूलबाळ झालं नाही. होता तो धाकटा भाऊ, मुबारक. तापाच्या मोठ्या साथीत आठ दिवसांत आईबाप गेले तेव्हा मुबारक दोन वर्षांचा होता. सोळा वर्षांच्या मोहियोद्दीननं त्याला पाठीला बांधून घण मारला, स्वतःच्या हातानं भरवला, आणि कुणी त्याला टपली मारली तर त्या माणसाच्या घरापर्यंत जाऊन आला. पोराला मात्र खुरांचा वास आवडायचा नाही. मोठा झाला तसा तो स्टेशनकडच्या एका मोटारींच्या गॅरेजात लागला. मोहियोद्दीननं त्यावरनं चार दिवस शिव्या दिल्या आणि पाचव्या दिवशी त्याला स्वतः घडवलेला पाना दिला.

शहर निजामाचं आणि छावणी इंग्रजांची, अशा त्या काळात, छत्तीस साली, रिसाल्यातली घोडी काढून मोटारी आणायचं ठरलं. स्वारांना फटफट्या शिकवायला विलायतेहून एक सार्जंट आला. क्लेग त्याचं नाव. बुटका, मान जवळजवळ नाहीच, आणि नाक दोनदा मोडून बसवलेलं. नालबंदाच्या पोटावर पाय द्यायला आलेला माणूस; मोहियोद्दीननं त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच त्याचे हात शिवशिवले.

क्लेगची सगळी कुंडली दुकानात आणली सांडूनं. सांडू कन्नडकडचा, क्लेगचा नोकर, कामापुरतं इंग्रजी उचललेला.

"तिकडं राखेचं गोल मैदान असतं," सांडू सांगायचा. "चार गडी, चार फेऱ्या, आन वळायचं ते कायम डाव्या अंगाला. मागचं चाक घसरवत न्यायचं. डाव्या बुटाला लोखंड लावायचं आन तो पाय राखेवर टेकवून वळायचं. हजारो माणूस तिकीट काढून बघतं म्हणं. आपल्या साहेबाचा फोटू पेपरात यायचा."

"आन थांबायचं कसं?"

"त्या फटफटीला ब्रेकच नसतो."

"ब्रेक नसतो म्हणजे?"

"नसतो म्हणजे नसतो. थांबायचं आसंल तर पडायचं."

मोहियोद्दीन हसला, पण पुढचं ऐकून हसायचा थांबला. क्लेगचं तिकडं दोनतीन वर्षं लई नाव झालं होतं, आणि त्या नावामागं एकच कसब होतं. पुढं जायला वाट नसली की शेजारच्याला कुंपणात घालायचा. एकाचा डोळा गेला, एकाची कंबर मोडली, आणि तिसरा कुंपणात गेला तो मेलेलाच बाहेर काढला. मग त्याचं लायसन फाडून टाकलं आणि हा गडी पलटणीत भरती झाला. एवढं होऊनही बाबाची खोड गेली नव्हती. छावणीच्या मागच्या माळावर त्यानं तसलंच गोल मैदान आखलं, भोवती बांबूच्या ताट्या रोवल्या आणि जिनिंगच्या बॉयलरची राख मागवून पसरली. राख आणायचा फकिरा, जिनिंगच्या लॉरीचा ड्रायव्हर. गंगापूरच्या रस्त्याला म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा, मोठ्यानं हसायचा आणि फटफटी दिसली की लॉरी उभी करून बघत बसायचा. मुबारकचा दोस्त.

दर रविवारी शर्यत. पहिल्या महिन्यातच शिकाऊ स्वारांपैकी तिघांची हाडं मोडली. मोठ्या साहेबानं फर्मान काढलं की रिसाल्याच्या स्वारांनी मैदानात उतरायचं नाही. क्लेगनं मान डोलावली आणि बाहेरची माणसं बघायला लागला.

त्याच सुमारास त्याच्या बुटाचं विलायती लोखंड झिजून फुटलं. सांडू बूट घेऊन दुकानात आला. मोहियोद्दीननं माप घेतलं, पट्टी तापवली, तळव्याच्या वळणावर ठोकून बसवली, वर चामड्याचे पट्टे लावले. चोख काम. आणि शेवटी, सवयीनं, पुढच्या अंगाला सहा खिळ्यांची डोकी वर ठेवली. तीन पिढ्या त्या घराण्यानं एकाच गोष्टीसाठी लोखंड ठोकलं होतं, की पाय घसरू नये. घसरण्यासाठी लोखंड लावणारा माणूस जगात असतो हे सांडूनं सांगूनही त्याच्या हातांना पटलं नव्हतं.

रविवारी क्लेगनं पहिल्याच वळणावर पाय टेकवला. खिळ्यांनी जमीन धरली. पाय मागं राहिला, माणूस पुढं गेला आणि फटफटी ताट्या फोडून लोकांत शिरली. शेंगा विकणाऱ्या आशाबाईच्या दोन्ही नडग्या फुटल्या. क्लेग राखेवरून तोंड घासत वीस हात गेला. उठला तेव्हा त्याच्या डाव्या गालाला कातडं नव्हतं.

तो तसाच, लंगडत, रक्त गाळत दुकानावर आला. हातात चाबकाचा दांडा. मोहियोद्दीन ऐरणीवर वाकलेला होता, त्याच्या कानशिलावर पहिला तडाखा बसला. दुसरा बोटांवर, तिसरा तोंडावर. तो गुडघ्यावर आला तेव्हा क्लेगनं तोच लोखंडी बूट त्याच्या बरगडीत घातला. खिळ्यांची डोकी सदऱ्यातून आत गेली. बाजार उभा राहून बघत होता. गोऱ्यावर हात टाकायची कुणाची छाती?

मुबारक गॅरेजातून जेवायला येत होता. त्यानं भावाला बघितलं आणि कमरेचा पाना काढला. एकच हाणला, जबड्यावर. क्लेग उताणा हौदात गेला. पाणी लाल झालं.

मग कुणी हललं नाही. छावणीत गोऱ्या सार्जंटाला मारलं म्हणजे सक्तमजुरी, आणि वर फटके. जैतुनबी दारात आली होती, तिनं मुबारकच्या हातातला पाना घेऊन भट्टीत टाकला, जसं काही पाना नाहीसा झाला की गुन्हाही नाहीसा होणार होता. क्लेग हौदातून उठून बसला, तोंडातून दात काढून तळहातावर घेतला, बघितला. आणि हसायला लागला. सांडूला बोलावून तो बराच वेळ बोलला.

"साहेब म्हणतो, तक्रार करत नाही," सांडूनं सांगितलं. "म्हणतो, पोरगा चांगलाय. तीन रविवार माझ्यासंगं मैदानात उतरायचं. तीन रविवार झाले की विषय मिटला. नाय उतरला तर उद्या पलटणीचं पोलिस येतंय."

मोहियोद्दीनच्या तोंडातून रक्त येत होतं. तरी तो म्हणाला, "मी उतरतो. नाल माझा होता." सांडूनं ते सांगितलं. क्लेगनं मान हलवली आणि मुबारककडं बोट दाखवलं.

पहिल्या रविवारी मुबारकला दुसऱ्या फेरीत ताट्यांत घातला. बांबूची कपची मांडीत वीतभर शिरली. ती मोहियोद्दीननं सांडशीनं ओढून काढली. मुबारकनं ओठ चावला, ओरडला नाही. दुसऱ्या रविवारी वळणावर क्लेगनं त्याच्या गुडघ्यावर लोखंडी बूट हाणला. मुबारकची जीभ दाताखाली येऊन फाटली, पण गडी पडला नाही. आता त्याच्याही डाव्या बुटाला नाल होता, गुळगुळीत, भावानं चार रात्री घासून केलेला. तिसऱ्या रविवारी त्याला चाक घसरवायचं जमलं. जमलं म्हणजे काय, क्लेगला त्यानं तीन फेऱ्या पुढं जाऊ दिलं नाही. शेवटच्या वळणावर क्लेगनं कोपर बरगडीत घातलं, त्यानं क्लेगची कॉलर धरली, दोघं खाली आले. आणि खाली आल्यावर राखेत लोळत एकमेकांना बुक्क्यांनी मारत राहिले. माणसं ताट्यांवर चढून ओरडत होती. मोहियोद्दीन पागोट्याचं टोक दातांत धरून उभा होता. मारून थकल्यावर क्लेगनं मुबारकला उठवलं आणि रक्ताळलेल्या तोंडानं मिठी मारली.

हिशेब फिटला. पुढच्या रविवारी जैतुनबीनं नवस फेडायला नियाज केली, गोड भात शिजवला. मुबारकला हाक मारायला गेली तर खाट रिकामी. बूटही नव्हते. माळावरून फटफटीचा आवाज येत होता.

इथून पुढचं सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगतो. पोरगं बिघडलं. फटफटी आवडली असती तर कुणाची काही तक्रार नव्हती. त्याला माणसं पाडायला आवडायला लागलं. दोन महिन्यांत त्यानं चौघांना ताट्यांत घातलं. राखेचे बारीक दाणे गालात शिरून कातडीखाली राहिले, धुतलं तरी निघेनात. घरात क्लेगसारखा हसायला लागला. एकदा रोटी गार आहे म्हणून त्यानं ताट जैतुनबीच्या अंगावर भिरकावलं. ज्या बाईनं त्याची झबली धुतली तिच्या अंगावर. मोहियोद्दीननं त्याला घोडा बांधायच्या दोरानं बदडला, पाठीवर वळ उठेपर्यंत. मुबारक भिंतीला टेकून हसत होता. "भाई," म्हणाला, "साहेब ह्याहून जोरात मारतो."

मग रेल्वेच्या एका फिटरची पाळी आली. साधा माणूस, हौसेनं उतरलेला. मुबारकनं त्याला वळणावर दाबत दाबत नेला आणि ताट्यांत लोटला. बांबूनं त्याचा गाल कानापर्यंत फाडला, डोळा बाहेर आला. मोहियोद्दीन धावत गेला. त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं वर बघितलं, तर मुबारक उरलेल्या फेऱ्या पूर्ण करत होता. मागं वळूनसुद्धा त्यानं बघितलं नाही.

संध्याकाळी तो दुकानात आला आणि डावा बूट ऐरणीवर ठेवला.

"ह्या कडेला धार काढून दे."

"कशाला?"

"येत्या रविवारी साहेब आणि मी. दोघंच. फेऱ्या मोजायच्या नाहीत. एक उठायचा थांबला की शर्यत संपली."

मोहियोद्दीननं बूट उचलून भट्टीमागं फेकला. दुसऱ्या दिवशी त्यानं आयुष्यात केलं नव्हतं ते केलं, क्लेगच्या दारात जाऊन हात जोडले. क्लेग दाढी करत होता. सांडूमार्फत म्हणाला, "मी त्याला धरून ठेवलेलं नाही. तुझा भाऊ आहे, त्याला सांग." आणि आरशात बघून पुढं म्हणाला, की पोरगा माझ्याहून चांगला आहे, त्यामुळं मला त्याला लवकर संपवावं लागेल.

तीन दिवस मोहियोद्दीननं एकही नाल ठोकला नाही. खोलीत कोंडावं तर पोरगं कौलं उचलून जाईल. फटफटी मोडावी तर क्लेग दुसरी देईल. पोलिसात द्यावं तर तिथं फटके खाऊन परत येईल आणि परत बसेल. नालबंदाची अक्कल शेवटी जनावरांपाशीच जाणार. घोड्याचा पाय मोडला की गोळी घालतात, कारण घोडा त्यातून उठत नाही. माणूस उठतो. लंगडा होतो, पण उठतो. हे त्याला शुक्रवारी नमाजाच्या रांगेत सुचलं, आणि शेवटी मान वळवून सलाम फिरवताना त्याचं ठरलं होतं.

दुपारी मुबारक दुकानामागं खाटेवर झोपला होता. मोहियोद्दीननं लाकडाचा ठोकळा हळूच त्याच्या डाव्या नडगीखाली सरकवला. पाय इतक्या सावकाश उचलला की पोराला जाग आली नाही. लहानपणी झोपेत त्याचे जोडे असेच काढायचा तो. मग दोरानं पावलं खाटेला बांधली, बिथरलेल्या खेचराची बांधतात तशी. मुबारकनं डोळे उघडले तेव्हा हातोडा वर गेलेला होता.

पहिल्या घावानं हाड मोडलं. घोटा शाबूत राहिला तर पोरगं परत फटफटीवर बसेल, म्हणून मोहियोद्दीननं दुसरा घोट्यावर घातला. त्याचे हात कापले नाहीत, तेच त्याला पुढं जन्मभर खुपत राहिलं. मुबारकच्या आवाजानं पागेतली घोडी खिंकाळली. जैतुनबी धावत आली, तिनं बघितलं, हातातली लोखंडी पळी नवऱ्याच्या कपाळावर हाणली, आणि दुसऱ्याच क्षणी पदर फाडून पोराचा पाय बांधायला बसली. हाडवैद्य आला. तिघांनी धरून पाय ओढावा लागला.

संध्याकाळी क्लेग आला. खाटेपाशी उभा राहून त्यानं पाय बघितला. मग मोहियोद्दीनच्या कपाळाची खोक बघितली, त्याला गळ्याला धरून भट्टीच्या भिंतीला दाबला आणि मुबारकला विचारलं, कुणी केलं? सांडूला भाषांतर करायचीही गरज नव्हती.

मुबारकनं भावाकडं बघितलं. एक शब्द बोलला असता तर क्लेगनं मोहियोद्दीनला तिथंच मारला असता.

"खेचरानं लाथ घातली," मुबारक म्हणाला.

पोलिसांनाही त्यानं तेच सांगितलं, गॅरेजवाल्यालाही तेच. भावाशी मात्र त्यानंतर एक अक्षर बोलला नाही.

शनिवारी सांडू बातमी घेऊन आला. साहेबानं शर्यत रद्द केलेली नाही. मुबारकच्या जागी फकिरा उतरणार आहे, स्वतःच्या मनानं तयार झालाय, लई खूश आहे. मोहियोद्दीननं ते ऐकलं. त्याच्या मनात काय आलं तेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. त्याला हायसं वाटलं. कुणीतरी जाणारच होतं, ते आपल्या घरातलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्या रात्री तो आठवड्यात पहिल्यांदा झोपला.

रविवारी सकाळी फकिरा दुकानावर उभा राहिला. आधी आत जाऊन मुबारकच्या पायाला हात लावून आला. मग म्हणाला, "भाई, मुबारकचा नाल माझ्या बुटाला बसंल का?" मोहियोद्दीननं भट्टीमागून तो बूट काढला, नाल सुटा केला, फकिराचा पाय मांडीवर घेऊन माप बघितलं. थोडा रुंद होता. तापवून, ठोकून त्यानं तो बसवला, पट्टे आवळले, कडा हातानं चाचपून बघितल्या. नाल अगदी चोख बसला. फकिरा दोनदा पाय आपटून हसला आणि माळाकडं निघून गेला. मोहियोद्दीन त्याला काही बोलला नाही.

तो मैदानावर गेलाच नाही. ऐरणीपाशी बसून आवाज ऐकत राहिला. दोन फटफट्या कितीतरी वेळ घोंघावत होत्या. मग एकदम धाडकन आवाज झाला, आणि मग माणसांचा गलका, आणि मग तोही बंद. क्लेगनं फकिराला ताट्यांकडं दाबलं होतं. पण फकिराला पडायचं कसं हेच येत नव्हतं, तो हँडल सोडेना. दोघं एकत्र गेले. बांबू फकिराच्या गळ्यातून पार झाला. क्लेगच्या डाव्या पायावर दोन्ही फटफट्या पडल्या. तो पाय गुडघ्यातून कापला आणि त्याला रेल्वेत घालून नेलं. तिथं त्याची कारकीर्द संपली. मोठ्या साहेबानं ताट्या जाळल्या. राख पुढच्या पावसात वाहून गेली.

मुबारकचा पाय जुळला, वाकडा. तो मोटारी दुरुस्त करत राहिला, भाभीच्या हातचं जेवत राहिला. गालातले राखेचे दाणे तसेच होते, पण हसणं गेलं होतं.

फकिरा गेल्याला दोनेक महिने झाल्यावर एका दुपारी त्याची आई, द्वारकाबाई, दुकानात आली. मोहियोद्दीन घोडीचा खुर घासत होता. तो उठला. ती खाली बसली, पाणी नको म्हणाली. आतल्या खोलीत मुबारक पडला होता, दार उघडंच होतं.

"लोक म्हणत्यात, खेचर नव्हतं," ती म्हणाली.

आजवर त्यानं कुणाला कबूल केलं नव्हतं. "नव्हतं, बाई. मी मोडला."

"कशापायी?"

"मैदानात गेला असता तर मेला असता."

"म्हणजे तुला ठावं व्हतं. जो जाईल त्यो मरंल हे."

"व्हय."

तिनं आवाज चढवला नाही, छाती पिटली नाही. त्यानं वाट बघितली की ही आता दगड उचलेल, शाप देईल. त्याला ते हवं होतं.

"माझा फकिरा त्या सकाळी तुझ्यापाशी आला व्हता," ती म्हणाली. "त्याचा पाय तुझ्या मांडीवर व्हता. हातोडा तुझ्या हातात व्हता. मग त्याचाबी मोडायचा व्हतास की रं, बाबा."